सांचीचा महास्तूप: वाटणीची गोष्ट

आपल्यापैकी कोणाच्या खिशात दोनशेची नोट असेल तर ती काढा आणि उलटी करा. पिवळ्या रंगावर एक अर्धगोल घुमट आणि त्यापुढे उंच तोरण दिसेल. हा सांचीचा महास्तूप. २०१७ पासून तो आपल्या हातातून रोज फिरतो आहे. दिल्लीच्या राष्ट्रपती भवनाच्या घुमटावरही याच स्तूपाची छाप आहे. म्हणजे आपण सगळ्यांनी सांची पाहिलेली आहे. आज ती थोडी वाचूया.

सांची मध्य प्रदेशात, रायसेन जिल्ह्यात. भोपाळपासून सुमारे ५० किलोमीटर आणि विदिशेपासून जेमतेम १० किलोमीटर. नोकरीत असताना झाशी-भोपाळ मार्गावरून माझे अनेकदा जाणे झाले. गाडीच्या खिडकीतून टेकडीवरचा तो घुमट दिसायचा. टेकडी फार उंच नाही, शंभर मीटरच्या आतलीच. लष्करी माणसाची नजर आधी जमिनीवर जाते, म्हणून सांगतो, जागा अचूक निवडली आहे. विदिशा तेव्हा मोठी व्यापारी पेठ होती. गाव जवळ, म्हणजे भिक्षूंना भिक्षेसाठी जाता येईल. गाव थोडे दूर, म्हणजे ध्यानाला शांतता मिळेल.

पण आजचा माझा मुद्दा जागेचा नाही. तो एका अगदी घरगुती शब्दाचा आहे: वाटणी. आपल्याकडे वाटणी म्हटले की भाऊबंदकी आठवते, बांधाला बांध लागतो, कोर्टाची पायरी चढावी लागते. सांचीची सगळी इमारत मात्र एका शहाणपणाने केलेल्या वाटणीवर उभी आहे. ती कशी, ते पाहू.

आत काही नाही

पहिल्यांदा सांचीला जाणारे बरेच लोक विचारतात, "आत जायचे दार कुठे आहे?" आत जायचे दार नाही. स्तूप हा भरीव असतो. मंदिराला गाभारा असतो, चर्चला सभागृह असते, स्तूपाला यातले काहीच नाही. मूळ कल्पना मातीच्या ढिगाची आहे. थोर माणसाच्या अस्थींवर रचलेला ढीग, तोच पुढे विटांचा आणि दगडांचा झाला.

सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इथे विटांचा स्तूप बांधला. तो आजच्या स्तूपाच्या निम्म्याच व्यासाचा होता. पुढच्या शतकात, शुंगांच्या काळात, त्याच्याभोवती दगडी आवरण चढवून तो मोठा केला गेला. आज दिसतो त्या घुमटाचा व्यास ३६.६ मीटर आणि उंची सुमारे १६.५ मीटर. म्हणजे अशोकाचा स्तूप मोडला नाही, तो पोटात ठेवून त्यावर नवा बांधला.

आता भाग लक्षात ठेवा, म्हणजे देशातला कोणताही स्तूप वाचता येईल. खालचा गोल चौथरा म्हणजे मेधी. त्यावरचा अर्धगोल म्हणजे अंड. अंड हा शब्दच सांगतो की त्यात जन्माची, विश्वाची कल्पना आहे. माथा सपाट करून त्यावर चौकोनी कठडा आहे, ती हर्मिका. हर्मिकेतून वर जाणारा दंड म्हणजे यष्टी, आणि यष्टीवर एकावर एक तीन छत्रे. छत्र ही राजाची खूण. ती इथे सर्व सोडून गेलेल्या माणसाच्या अस्थींवर धरली आहे. तीन छत्रे म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ, असा अर्थ अनेकजण लावतात.

सभोवती तीन मीटरहून उंच दगडी कठडा आहे, त्याला वेदिका म्हणतात. तिच्याजवळ थांबून दगडांचे सांधे बघा. उभे खांब, त्यांना खाचा पाडून बसवलेल्या आडव्या पट्ट्या आणि वरून बसवलेला गोलसर माथा. हे काम दगडाचे असले तरी पद्धत सुताराची आहे. लाकडात शतकानुशतके जे केले, तेच कारागिरांनी दगडात उतरवले. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात हीच गोष्ट दिसते. तिथे तर छताला जुन्या लाकडी कमानी अजून शाबूत आहेत.

दाराचे वळण

वेदिकेला चार दिशांना चार दारे आहेत. बुद्धाच्या शेवटच्या दिवसांचे वर्णन करणाऱ्या पाली सुत्तात सांगितले आहे की स्तूप चार रस्ते मिळतात तिथे बांधावा. चार दिशांची चार दारे पाहिली की ते आठवते. कोणीही कोठूनही यावे.

पण या दारांतून सरळ आत घुसता येत नाही. वेदिका तिथे काटकोनात वळवली आहे. माणूस तोरणाखालून जातो, समोर कठडा येतो आणि त्याला वळावे लागते. वरून पाहिले तर चार वळणांमुळे आराखडा स्वस्तिकासारखा दिसतो. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना किल्ल्यांची गोमुखी दारे माहीत आहेत. तिथे वळण शत्रूचा वेग तोडण्यासाठी असते. इथेही वेग तोडायचा आहे, पण तो आपल्याच मनाचा. आत आल्यावर डावीकडे वळायचे, स्तूप उजव्या हाताला ठेवायचा आणि चालू लागायचे. पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर. सूर्य जसा जातो तशी प्रदक्षिणा. दक्षिणेच्या बाजूला दुहेरी जिना आहे. त्याने मेधीवर चढून वरच्या मार्गानेही फिरता येते.

थोडक्यात, या वास्तूचा उपयोग चालण्यात आहे. मध्यभाग बंद आहे, म्हणून अर्थ सगळा परिघावर आला आहे.

न कोरलेला बुद्ध

चारही तोरणे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातली. दोन चौकोनी खांब आणि त्यांवर टोकांशी गुंडाळीसारख्या वळलेल्या तीन आडव्या तुळया. पूर्व आणि उत्तर तोरणांच्या खांबांवर हत्ती, दक्षिणेच्या खांबांवर सिंह, पश्चिमेच्या खांबांवर ढेरपोटे बुटके. इंच न इंच कोरलेला. आंब्याच्या झाडाला झोके घेतल्यासारखी लटकलेली यक्षी, कमळे, हत्तींनी न्हाऊ घातलेली लक्ष्मी, जातककथा, रस्ते, बाजार, गवाक्षातून वाकून बघणारे लोक, सगळे आहे.

नाही तो फक्त बुद्ध.

पूर्व तोरणाच्या पुढच्या बाजूला मधली तुळई बघा. राजपुत्र सिद्धार्थ रात्री राजवाडा सोडून निघाला, तो प्रसंग आहे. नगराच्या वेशीतून कंथक घोडा बाहेर पडतो आहे. घोड्याच्या टापांचा आवाज होऊ नये म्हणून यक्षांनी खूर हातांवर झेलले आहेत. घोड्यावर छत्र धरले आहे. पाठीवर मात्र कोणी नाही. तोच घोडा पुन्हा पुन्हा कोरला आहे, म्हणजे तो पुढे पुढे चालला आहे. टोकाला दोन पावलांचे ठसे दिसतात. तिथे स्वार उतरला. मग घोडा माघारी फिरतो, आणि परतताना त्याच्यावर छत्र नाही. एवढ्या एका फरकातून कलाकाराने सांगून टाकले की मालक गेला.

ज्ञानप्राप्ती दाखवायची तर पिंपळ आणि खाली रिकामे आसन. पहिले प्रवचन दाखवायचे तर चक्र. महापरिनिर्वाण दाखवायचे तर स्तूप. बुद्धाची मूर्ती घडवण्याची पद्धत नंतर आली. इथेच चार दारांसमोर, प्रदक्षिणेच्या मार्गावर, चार बसलेल्या बुद्धमूर्ती आहेत. त्या गुप्तकाळातल्या, म्हणजे तोरणांनंतर सुमारे पाचशे वर्षांनी आलेल्या. एकाच अंगणात दोन काळांच्या दोन भाषा शेजारी शेजारी नांदतात.

मागे वळून बघा

आता माझ्या सर्वात आवडत्या जागी चला. दक्षिणेचे तोरण. हे मुख्य दार. अशोकाचा स्तंभही इथेच आहे आणि जिनाही इथेच. या तोरणाखालून आत या आणि मागे वळा. हे तोरण एकेकाळी कोसळले होते. एकोणिसाव्या शतकात ते पुन्हा उभे केले तेव्हा वरची आणि खालची तुळई उलटी बसली. त्यामुळे जी जास्त नटवलेली बाजू बाहेर दिसायला हवी होती, ती आज स्तूपाकडे तोंड करून आहे. घाईत असलेला प्रवासी नेमके तेच चुकवतो.

खालच्या तुळईवर एक वेढा कोरला आहे. मध्ये तटबंदीचे नगर, तटावर धनुर्धारी, खाली हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. आयुष्याची अनेक वर्षे मी सैन्यात काढली. या तुळईसमोर उभा राहिलो की मला शिल्प आधी दिसत नाही, आधी गर्दी दिसते. वेशीवरची ती रेटारेटी ज्याने कधी अनुभवली आहे त्यालाच ती अशी कोरता येईल, असे वाटते.

हे नगर कुशीनगर. बुद्धाचे महापरिनिर्वाण झाले, मल्लांनी अंत्यसंस्कार केले आणि अस्थी आपल्या नगरात ठेवल्या. मग एकेक दावेदार येऊ लागला. मगधाचा राजा अजातशत्रू, वैशालीचे लिच्छवी, कपिलवस्तूचे शाक्य, अल्लकप्पाचे बुली, रामग्रामचे कोलिय, वेठदीपचा ब्राह्मण, पावाचे मल्ल. प्रत्येकाचे म्हणणे एकच, आमचा हक्क. कुशीनगरचे मल्ल म्हणाले, आम्ही काही देणार नाही. ज्याने आयुष्यभर अहिंसा सांगितली, त्याच्या अस्थींवरून तलवारी उपसायची वेळ आली.

तेव्हा द्रोण नावाचा एक ब्राह्मण मध्ये पडला. ज्याने क्षमा शिकवली त्याच्या अस्थींसाठी रक्त सांडणे शोभत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय. त्याने आठ समान वाटे केले. वाटणी करणाऱ्याने स्वतःसाठी फक्त मापाचे रिकामे भांडे मागून घेतले. उशिरा पोचलेल्या मोरियांना चितेची राख मिळाली. आठ स्तूप अस्थींवर, एक भांड्यावर, एक राखेवर. असे दहा स्तूप झाले, असे ग्रंथ सांगतो.

ग्रंथात युद्ध होता होता टळते. सांचीच्या कलाकाराने मात्र वेढा पुरता कोरला आणि त्याच तुळईवर, दोन्ही बाजूंना, शेवटही कोरला. राजे आपापल्या वाट्यासह निघाले आहेत आणि अस्थींचे करंडक हत्तींच्या मस्तकांवर आहेत. संताप आणि तोडगा एकाच दगडावर. सैनिक म्हणून मला हे प्रामाणिक वाटते. शांततेची किंमत सांगायची तर वेशीवर काय चालले होते, ते लपवून चालत नाही.

त्याच तोरणाच्या मधल्या तुळईवर गोष्ट पुढे जाते. अशोकाने मूळचे स्तूप उघडून अस्थी काढल्या आणि देशभर वाटल्या. परंपरा ८४,००० स्तूपांचा आकडा सांगते. रामग्रामच्या स्तूपाचे रक्षण मात्र नाग करत होते. एका बाजूने अशोक रथात बसून सैन्यासह येतो आहे, दुसऱ्या बाजूला नाग पूजा करत आहेत. कथा अशी की सम्राटाला तिथून रिकाम्या हाताने परतावे लागले. ज्याने कलिंगात एक लाख माणसे मारली गेल्याचे आणि दीड लाख देशोधडीला लागल्याचे स्वतःच्या शिलालेखात कबूल केले, तो राजा इथे भक्तांपुढे माघार घेताना कोरला आहे.

आणि याच दाराशेजारी अशोकाच्या स्तंभाचा बुंधा आहे. एका स्थानिक जमीनदाराने उसाच्या चरकासाठी हा स्तंभ फोडल्याचे सांगतात. त्याचे चार सिंहांचे शीर्ष संग्रहालयात ठेवले आहे. सारनाथच्या आपल्या राष्ट्रचिन्हाशी त्याचे नाते लगेच ओळखू येते. त्या स्तंभावरची आज्ञा काय? जो भिक्षू किंवा भिक्षुणी संघात फूट पाडेल, त्याला पांढरे कपडे देऊन वेगळे ठेवावे. म्हणजे बघा, अस्थी वाटल्या तर चालतात, संघ फुटलेला चालत नाही. काय वाटायचे आणि काय एकत्र ठेवायचे, याचा विवेक या एका दाराशी उभा आहे.

खर्चाची वाटणी

एवढे बांधकाम कोणाच्या पैशांतून झाले? एखाद्या राजाच्या, असे आपण गृहीत धरतो. दगडांनी वेगळी साक्ष दिली. वेदिकेवर, फरशांवर, तोरणांवर ब्राह्मी लिपीत शेकडो छोटे लेख आहेत. अमक्या गावच्या अमक्याचे दान, एवढाच मजकूर. यात व्यापारी आहेत, विणकर आहेत, गृहिणी आहेत, भिक्षू आहेत आणि भिक्षुणीही पुष्कळ आहेत. कोणी उज्जैनीचे, कोणी विदिशेचे, कोणी माहिष्मतीचे. एकेकाने एकेक खांब, एकेक पट्टी, एकेक फरशी दिली. दक्षिण तोरणाच्या खांबावर लिहिले आहे की हे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंताचे काम करणाऱ्यांनी केले. इतके बारीक काम कसे, याचे उत्तर त्यात आहे.

आपल्या मराठी मुलखाशी धागाही याच तोरणावर आहे. सर्वात वरच्या तुळईवर एक स्तूप कोरला आहे आणि त्याच्या अंगावर लेख आहे. राजा सिरी सातकणी याच्या कारागिरांचा मुख्य, वासिठीचा पुत्र आनंद, याचे हे दान. सातकणी म्हणजे सातवाहनांचा सातकर्णी. कोणता सातकर्णी, यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण पैठणशी आणि नाणेघाटाशी ज्या घराण्याचे नाव जोडलेले आहे, त्याच घराण्याचा कारागीर इथे आपले नाव ठेवून गेला. राजाचे नाव कालनिर्देशासारखे येते, दान मात्र कारागिराचे.

आणखी एक लेख मला जवळचा वाटतो. इसवी सन ४१२ च्या सुमाराचा, दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळातला. अनेक लढायांत यश मिळवलेला आम्रकार्दव नावाचा अधिकारी इथे एक गाव आणि २५ दीनार देतो. त्यातून भिक्षूंना जेवण मिळावे आणि दिवा जळत राहावा. लढून आलेल्या माणसाने शेवटी दिव्याच्या तेलाची सोय केली, एवढेच मी त्यातून घेतो.

या छोट्या लेखांनी देशावर एक मोठा उपकार केला. कॅप्टन एडवर्ड स्मिथने सांचीच्या लेखांचे ठसे कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे पाठवले. बहुतेक लेख त्याच अक्षरांनी संपतात, हे प्रिन्सेपच्या लक्षात आले. स्मारकावर शेवटी काय लिहितील? "दानं" लिहितील. त्या एका शब्दाच्या अक्षरांवरून १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडत गेली आणि अशोक पुन्हा बोलू लागला. विणकर आणि गृहिणींनी दिलेल्या दानाची पोच सम्राटाच्या शिलालेखांची किल्ली ठरली.

माझ्या पेशाची माणसे

मी लष्करातला, म्हणून हेही सांगितले पाहिजे. सांचीच्या आधुनिक इतिहासात गणवेशातली माणसे जागोजाग भेटतात आणि सगळ्यांची कामगिरी सारखी नाही. १८१८ मध्ये जनरल टेलरने हे ठिकाण पाहिले तेव्हा घुमट शाबूत होता आणि तीन तोरणे उभी होती. १८२२ मध्ये भोपाळमधल्या कॅप्टन जॉन्सनने महास्तूप एका बाजूने वरपासून खालपर्यंत फोडला. आत काही मिळाले नाही. पडलेल्या भगदाडामुळे पुढे पश्चिमेचे तोरण आणि वेदिकेचा काही भाग कोसळला. १८५१ मध्ये कनिंगहॅम आणि कॅप्टन मेझी यांनी मधोमध विहीर खणावी तसे खोदले. महास्तूपात त्यांनाही काही सापडले नाही. शेजारच्या तिसऱ्या क्रमांकाच्या स्तूपात मात्र बुद्धाचे दोन पट्टशिष्य सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या नावांचे करंडक मिळाले.

१८८१ पासून मेजर कोलने भगदाड बुजवले, झाडोरा काढला, पडलेली तोरणे उभी केली. मघाशी सांगितलेल्या उलट्या तुळया त्याच दुरुस्तीतल्या. पुढे १९१२ ते १९१९ या काळात जॉन मार्शलने नीट शास्त्रशुद्ध काम केले. त्याला भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम यांचा पैसा आणि पाठिंबा होता. बौद्ध स्मारक, मुस्लिम संस्थान, इंग्रज पुरातत्त्वज्ञ. इथेही भार वाटूनच उचलला गेला.

जॉन्सनची चूक समजून घेण्यासारखी आहे. त्याने तिजोरी फोडावी तसा स्तूप फोडला. मौल्यवान ते मध्यभागी कोंडलेले असणार, हा त्याचा हिशेब. सांचीचे मोल बाहेर वाटलेले होते, शेकडो नावांत आणि प्रदक्षिणेच्या वाटेत. ते त्याच्या पहारीला लागणार नव्हते.

आजची सांची

सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्या अस्थी इंग्लंडला गेल्या, परत आल्या आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये सांचीच्या नव्या चेतियगिरी विहारात ठेवल्या गेल्या. त्यांतले अंश श्रीलंका आणि ब्रह्मदेशालाही दिले गेले. कुशीनगरच्या द्रोणाची रीत स्वतंत्र भारतानेही पाळली. दरवर्षी नोव्हेंबरअखेरच्या उत्सवात त्या अस्थी दर्शनासाठी बाहेर काढतात, तेव्हा देशोदेशीचे लोक येतात. १९८९ पासून सांची जागतिक वारसास्थळ आहे.

नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा स्तूप आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जिथे लाखोंना धम्माची दीक्षा दिली, तिथे उभा असलेला आणि २००१ मध्ये खुला झालेला हा स्तूप सांचीच्या धर्तीवर आहे. एक फरक मोठा आहे. तो आतून पोकळ आहे, माणसे आत जाऊन बसतात. ज्यांना शतकानुशतके देवळांच्या गाभाऱ्यात जाऊ दिले नाही, त्यांच्या स्तूपाला आत जायचे दार आहे. सांचीला ते नव्हते, पण सांचीत कोणालाच अडवलेही नव्हते. सगळे जण त्याच वाटेने, तेवढेच अंतर ठेवून चालत होते.

सांचीला जाल तेव्हा दोन तास हाताशी ठेवा. शक्यतो सकाळी जा, तिरप्या उन्हात कोरीव काम उठून दिसते. आधी एक प्रदक्षिणा फोटो न काढता पूर्ण करा. मग वेदिकेवरची नावे हाताने न चाचपता नजरेने शोधा. आणि दक्षिणेच्या तोरणातून आत आलात की मागे वळून खालची तुळई बघायला विसरू नका. सोबत मुले असतील तर त्यांना आधी वेढा दाखवा, मग हत्तींच्या मस्तकांवरचे करंडक दाखवा. मधला द्रोण कोरलेला नाही. त्याची गोष्ट तुम्ही सांगा.

जय हिंद.